मडमेचं अळू आणि माझी इरली

"सही कर," ओव्हरसियर म्हणाले.

मी कागद हातात घेतला आणि वाचला. मला वाचता येतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. खालापूरच्या शाळेत दोन इयत्ता झाल्या होत्या माझ्या, आणि एवढा कागद वाचायला तेवढ्या पुरतात. बंगला नंबर तीनचा माळी धोंडू याच्या हयगयीमुळे मेमसाहेबांच्या विलायती रोपांची नासाडी झाली आणि हे त्याला कबूल आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

"नाही करत," मी म्हटलं.

"मग अंगठा दे."

"सही येते मला. करणार नाही असं म्हणतोय."

ओव्हरसियरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता. त्यांच्या मिटलेल्या छत्रीतलं पाणी त्यांच्याच बुटात गळत होतं. खरं सांगतो, मला अजिबात वाईट वाटलं नाही.

"रविवारपर्यंत विचार कर," ते म्हणाले. "नाहीतर सोमवारी खोली खाली करायची. पुण्याचा एक चांगला माळी माझ्या नजरेत आहे."

ही गोष्ट पहिलं मोठं युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची. मी तिशीत होतो. खोपोलीच्या अलीकडे एका गोऱ्या ठेकेदाराचे तीन बंगले होते. डोंगरावरून खाली येणाऱ्या पाण्याच्या मोठ्या लोखंडी नळांची कामं तो घ्यायचा. बंगल्यांना बागा, बागांना माळी आणि माळ्यांच्या डोक्यावर ओव्हरसियर. हे ओव्हरसियर पुण्याचे. शेतकीचा काहीतरी कोर्स केलेले. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरचा शहाणा. माती हातात न घेता तिच्याबद्दल तासभर बोलू शकायचा.

आता ती रोपं कसली, ते सांगतो. हल्ली कॅटलॉगमध्ये त्याला 'होस्टा' म्हणतात. तेव्हा मडम, म्हणजे ठेकेदारसाहेबाची बायको, त्याला 'फंकिया' म्हणायची. बागेतल्या बाया 'मडमेचं अळू' म्हणायच्या. दिसायला साधारण अळूसारखं, जमिनीलगत घेर धरणारं, पानावर खोल शिरा आणि पानाला पांढरी कड. फुलांसाठी कुणी ते लावत नाही, पानांसाठीच लावतात. म्हणजे पानाला भोक पडलं की सगळं संपलं. गुलाबाचं पान किड्यानं खाल्लं तर गुलाब तरी राहतो. इथं पान हेच सगळं.

मडमेच्या आईच्या बागेतले चार गड्डे होते ते. आई वारली, घर विकलं, आणि बहिणीनं हे चार गड्डे ओल्या शेवाळ्यात गुंडाळून बोटीनं पाठवले. मडमेनं मराठी आयाकडून उचललेली, त्यामुळे ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची. ओव्हरसियरांनासुद्धा. ते त्यांना फार झोंबायचं. मला गड्डे देताना ती म्हणाली, "माली, हे माझं आई आहे. तू मारू नको."

 मी गड्डे घेतले. उन्हाळाभर व्हरांड्यात वाळ्याच्या ओल्या पडद्याआड जपले. थंड मुलखातलं झाड, आमच्याकडच्या वैशाखात जगतं की मरतं याची मलाच खात्री नव्हती. पण चारही फुटले. मृगात पायरीच्या दोन्ही बाजूंना वाफ्यात लावले, कारण मडमेच्या आईकडे ते तसेच होते.

पावसाळ्यात मडमेची बहीण मुंबईला उतरून दोन दिवसांसाठी इथं येणार होती. आईची झाडं तिला दाखवायची, एवढं एकच मडमेच्या मनात होतं.

आणि मग बोरघाटाच्या पायथ्याचा पाऊस सुरू झाला. हा पाऊस पडत नाही, आदळतो. त्या कोवळ्या पानांच्या दोन दिवसांत चिंध्या व्हायला लागल्या. मी म्हटलं, माणसाला पावसात जे लागतं तेच झाडाला देऊ या. इरलं.

इरलं हल्ली कुणी बघितलेलं नसेल. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यावर पळसाच्या पानांचा जाड थर, वर पुन्हा जाळी. भाताची लावणी करताना बाया वाकून उभ्या असतात, तेव्हा डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठीवर ते घालतात. माझा बा इरली विणण्यात नावाजलेला. त्याचं इरलं दोन पावसाळे एक थेंब आत येऊ द्यायचं नाही. मी त्याच्याच हाताखाली शिकलो. चार लहान इरली विणली, तीन-तीन खुंट्यांवर एकेका झाडावर बसवली. मडमेनं टाळ्या वाजवल्या. साहेबानं फोटो काढला. ओव्हरसियर म्हणाले, "रानटी दिसतं, पण असू दे."

आठवडाभरात पानांना भोकं पडली.

भोकं बघूनच कळलं. कडा गुळगुळीत आणि पानावर वाळलेली चकचकीत रेघ. शेंबड्या गोगलगायी. शंखवाली वेगळी. ही उघडी, बोटाएवढी, मातकट आणि चिकट. दिवसा दिसत नाही, अंधार पडला की खायला बाहेर पडते. 'गोगलगाय नि पोटात पाय' असं साळसूद माणसाला म्हणतात ना, ते ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो नक्की माळी असणार.

मी चुलीची राख पसरली. गोगलगाय राखेवरून सरपटत नाही, पण राख कोरडी हवी. आमच्याकडची राख पहिल्याच सरीत लापशी झाली. चुना टाकला, वाहून गेला. तिन्हीसांजेला कंदील घेऊन वेचल्या. डबाभर निघाल्या, पण दुसऱ्या दिवशी पानं पुन्हा खाल्लेली. दिवसा त्या कुठं दडतात तेच कळेना. वाफ्यातले दगड उलटे केले. पायरीच्या भेगा तपासल्या. गवत कापलं. कुंड्यांच्या बुडाखाली बघितलं. दोन-चार मिळायच्या, बस. झाडांपासून कुंपणापर्यंत सगळी जमीन मी बोटांनी चाळली.

ओव्हरसियर रोज येऊन भोकं मोजायचे. एक दिवस त्यांच्यामागे हमालाच्या डोक्यावर खडेमिठाची गोणी आली.

"झाडांभोवती कडं घाल. शास्त्रीय उपाय आहे. मीठ लागलं की गोगलगाय विरघळते."

"विरघळते हे खरं," मी म्हटलं. "पण पावसात मीठही विरघळतं. ते मुळाशी जाईल."

"तू मला शिकवणार?"

"पेणकडचा खारेपाट बघितलाय का तुम्ही? खाडीचं पाणी शेतात शिरलं की भात जळतो. तिथं लोक बांध घालून मीठ बाहेर ठेवतात. तुम्ही गोणीनं आत आणताय!"

"ही ऑर्डर आहे."

"असेल. माझ्या हातानं होणार नाही."

गोणी स्टोअरच्या खोलीत गेली. मला वाटलं मिटलं. चार दिवसांनी मला कर्जतच्या स्टेशनावर गुलाबाच्या कलमांची पेटी उतरवून घ्यायला पाठवलं. जायला-यायला अख्खा दिवस मोडला. परत आलो तर पायरीच्या डाव्या बाजूच्या एका झाडाभोवती पांढरं कडं, अर्धं विरघळलेलं. मी हातानं माती उपसली, बादल्यांनी पाणी ओतलं. पालथ्या घड्यावर पाणी! तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आठव्या दिवशी झाड गेलं. गड्डा हातात घेतला तर उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ.

आणि हयगयीचा कागद माझ्या नावानं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

माझ्या बायकोला सातवा महिना होता. गावाकडच्या घराच्या छपराचं एक पाखं पावसानं बसलं होतं, त्यामुळे बंगल्यामागची पत्र्याची खोली हेच आमचं घर. कागदाचं ऐकून ती म्हणाली, "अवं, करून टाका ना सही. सहीनं काय अंगाला भोकं पडतात?"

"पडतात," मी म्हटलं. "दिसत नाहीत एवढंच."

 ती रागावली नाही, घाबरली होती. घाबरलो मीही होतो. पण त्या मिठाच्या कड्याची आठवण आली की माझ्या डोक्याची शीर उडायची. नोकरी जाऊ दे, पण माझ्या नावावर खोटं लिहून जाऊ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुधी वाफ्यातलं तण काढत होती. बुधी वरच्या ठाकूरवाडीतली, पन्नाशीची, बागेत रोजावर यायची. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. मी पायरीवर बसून कलमांना काथ्या बांधत होतो. एकाएकी असा पाऊस आला की समोरचं काही दिसेना. बुधीचं स्वतःचं इरलं फाटकाशी राहिलेलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ उजवीकडच्या एका झाडावरचं माझं छोटं इरलं उपसून डोक्यावर घेतलं.

"बुधे, ठेव ते! झाडाचं हाय!"

"झाड काय पड्शानं मरतंय? म्या मरंन!"

आणि पुढच्याच क्षणाला ती किंचाळली. "आगं आयव! दादा, मानंवर काय वळवळतंय रं! आत गेलं, आत गेलं!"

तिनं इरलं भिरकावलं ते येऊन पायरीच्या धारेवर आपटलं. वरची जाळी सुटली. पळसाची पानं पुस्तकासारखी उघडली. आणि प्रत्येक दोन पानांच्या मध्ये, ओल्या गारव्यात, एकीला एक चिकटून त्या झोपल्या होत्या. गोगलगायी! लहान, मोठ्या, गाभण, पिल्लं, सगळा गोतावळा. एका पानाखाली साबुदाण्यासारख्या अंड्यांचा पुंजका.

 काखेत कळसा नि गावाला वळसा! मी जमीन चाळत होतो आणि त्या माझ्या नाकासमोर, मीच बांधून दिलेल्या घरात, खुंट्यांवरून वर-खाली करत होत्या. दिवसा माझ्या पळसाच्या थरात झोप, रात्री खाली उतरून मडमेचं अळू.

बुधी मान पुसत जवळ आली, वाकून बघितलं आणि हसत सुटली. "ह्यी बग तुजी गुरं! तूच गोठा बांदून दिलास, नि गावभर हुडकत फिरतोस व्हय रं?"

मला राग आला. बुधीचा नाही, माझा. दगड बघितले, भेगा बघितल्या, फक्त इरलं उचलून आत बघितलं नाही. का? तर ते माझं होतं. माझ्या बाच्या हातचं कसब होतं. त्यात खोट असेल हे मनातसुद्धा आलं नाही. मेलो लाजेनं.

बुधी हळू आवाजात म्हणाली, "दादा, कुनाला सांगू नको. तिन्ही चुलीत घाल. म्या बी नाय बोलत कुनाला. त्यो टोपीवाला ओवरसेर टपूनच हाय तुज्यावर."

खोटं कशाला बोलू? घालावीत चुलीत, असं वाटलं. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण नुसती इरली जाळून काय होणार होतं? गोगलगायी दुसरीकडे दडल्या असत्या आणि पानं पावसानं फाटली असती. शिवाय माझं डोकं फिरलेलं होतं. खोट्या कागदावर सही करायची नाही म्हणून मी ताठ उभा, आणि खऱ्या चुकीवर राख टाकायची? मग माझ्यात आणि चोरून मीठ घालणाऱ्यात फरक काय राहिला?

मी ते फुटकं इरलं जसंच्या तसं उचललं आणि व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या मडमेसमोर ठेवलं. तिनं पाय खुर्चीवर घेतले.

"हे काय आहे?"

"तुमची झाडं खाणाऱ्या. माझ्या इरल्यात राहत होत्या."

"इरलं तू केलं?"

"मीच केलं."

 ती म्हणाली, "आता?"

"आता हेच इरलं त्यांचा सापळा. त्यांना हे घर आवडलंय ना? राहू दे. रोज सकाळी मी घर झाडणार."

"माझी बहीण हा रविवार नाही, पुढच्या रविवारी येणार. चांगलं पान पाहिजे. पान नाही, तर तू पण नाही."

"कबूल," मी म्हटलं. "पण तोपर्यंत मिठाला कुणी हात लावायचा नाही. आणि मला येत्या सोमवारी खोली खाली करायला लावायची नाही."

"बरं," ती म्हणाली. तिनं चिठ्ठी लिहून ओव्हरसियरांकडे पाठवली. त्यांच्या नाकाला किती मिरच्या झोंबल्या असतील ते मला बघायला मिळालं नाही, ही एक रुखरुख आहे.

मग कामाला लागलो. आणखी इरली विणली, पण या खेपेला थर मुद्दाम सैल ठेवला, पानं पटकन उघडतील अशी. प्रत्येक झाडाला दोन इरली. उजाडता उजाडता रात्रीचं इरलं काढायचं, झाडलेलं दुसरं बसवायचं आणि काढलेलं बादलीवर उलटं धरून बडवायचं. बादलीत मिठाचं पाणी. हो, ओव्हरसियरांचंच मीठ! मिठाशी माझं भांडण नव्हतं, ते बादलीत हवं की मुळाशी एवढाच प्रश्न होता. बादली नंतर लांब, रस्त्यापलीकडच्या खडकावर रिकामी करायची. शिवाय कुंपणाशी चार जुनी इरली जमिनीवर पालथी ठेवली, खाली काकडीची सालं. म्हणजे झाडाकडे येणाऱ्यांना वाटेतच खाणावळ.

पहिल्या सकाळी बादलीचा तळ दिसेना. बुधी हातानं अंडी वेचायची आणि प्रत्येक गोगलगायीला एकेक शिवी हासडायची. चौथ्या दिवसापासून कमी व्हायला लागल्या. दहाव्या दिवशी एका इरल्यात तीन, एकात एक. संपल्या म्हणणारा माळी खोटं बोलतो. गोगलगायी संपत नाहीत, कमी होतात.

झाडांवर मी जुनी फाटकी पानं तशीच ठेवली, कारण ताकद त्यांच्यातूनच मिळते. मधून नवी पानं सुरळीसारखी वर आली. ती उलगडेपर्यंत मी दिवसातून दहादा जाऊन बघत होतो. बायको म्हणाली, "माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर!" हे ती हसून म्हणाली, म्हणून बरं वाटलं.

ठरल्या रविवारी बहीण आली. उंच, किडकिडीत बाई, प्रवासानं थकलेली. मडमेनं तिला हाताला धरून पायरीशी आणलं आणि मला मान हलवून खूण केली. मी तिन्ही इरली उचलली.

दोन झाडांवर तीन-तीन अखंड पानं होती, पांढऱ्या कडेसकट. तिसऱ्यावर एकच, पण तेही धड. बहीण खाली वाकली, पानाच्या शिरेवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत एकच शब्द बोलली. तो 'मदर' होता, एवढं मलाही कळलं. मग दोघी बहिणी पावसात तशाच उभ्या राहिल्या. माझेही डोळे भरून आले. पावसात कुणाला कळतंय?

साहेब व्हरांड्यात होता. तो खूश होऊन म्हणाला, "वेल डन, ओव्हरसियर."

"थँक यू, सर," ओव्हरसियर म्हणाले.

मडम झटकन वळली. "तू नाही केलं. माली केलं."

ओव्हरसियरांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून तो कागद काढला, घडी उलगडली आणि ते साहेबाला इंग्रजीत सांगायला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोगलगायी तुझ्याच इरल्यात होत्या ना? मेमसाहेबांसमोर कबूल झालास ना? मग सही करायला काय हरकत आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बुधी लांबून हातानं 'गप ऱ्हा' म्हणून खुणावत होती.

मी म्हटलं, "करतो की. पण कागदावर हयगय लिहिलीय. हयगय मी एक दिवस केली नाही. माझ्याकडून चूक झाली. हयगय खोडा, तिथं 'इरलं घातलं ही चूक' असं लिहा. लगेच सही करतो. आणि त्याच्याखाली लिहा, 'माळी नाही म्हणत असताना एका झाडाला मीठ घातलं, ते झाड मेलं.' तिथं तुम्ही सही करा."

साहेबाला मराठी येत नव्हती. मडमेनं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. तिला 'हयगय' आणि 'चूक' यांतला फरक बरोबर कळला होता, कारण ते सांगताना ती दोनदा थांबली.

 साहेबानं आपल्या खिशातलं फाउंटन पेन काढलं, टोपण उघडलं आणि ते ओव्हरसियरांच्या पुढे धरलं.

ओव्हरसियरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणखी एकदा घातली आणि खिशात ठेवली. तो कागद मला परत कधी दिसला नाही. पुण्याचा चांगला माळीही दिसला नाही.

माझी थोरली मुलगी त्याच पत्र्याच्या खोलीत जन्मली. मडमेची ती तीन झाडं मात्र पुढच्या उन्हाळ्यात गेली. ना गोगलगाय, ना मीठ, आमचा उन्हाळाच त्यांना सोसला नाही. मी मडमेला सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तू नाही मारलं." मी म्हटलं, "नाही मारलं." तेवढंच बोलणं झालं.

ठेकेदाराचं काम संपल्यावर मी कर्जतला स्वतःची रोपवाटिका काढली. अजून पावसाळ्यात लोक कुरतडलेली पानं घेऊन येतात आणि विचारतात, बाबा, औषध काय टाकू? मी औषध नंतर सांगतो. आधी विचारतो, झाडाला आडोसा कुणी केलाय? आणि समोरचा जरा छाती पुढे काढून "मीच केलाय" म्हणाला, की त्याला सांगतो, घरी जा आणि पहिल्यांदा तोच उचलून झाडून बघ.